दोन मिळवून लिहावे

मी एक जुना वजनकाटा आहे, मित्रांनो, आणि बाकी काही बोलण्याआधी एक गोष्ट सांगून टाकतो: मी बिघडलेला नाही. हात असते तर हात जोडून सांगितलं असतं. आठ वर्षं माझ्या डोक्याशी भिंतीवर एक चिठ्ठी चिकटवलेली होती आणि ती येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला माझ्याविषयी खोटं सांगत होती. ती वाचणारे आणि ती न काढणारे, या सगळ्यांची ही गोष्ट आहे. माझीही आहेच, पण माझं आयुष्य तसं साधं. लोक माझ्यावर उभे राहतात, मी आकडा सांगतो, लोक तोंड वाकडं करतात.

माझं रूप आधी डोळ्यांसमोर आणा. पायाशी रबर लावलेली लोखंडी फळी. तिच्यातून वर गेलेला पांढरा खांब. खांबावर आडवी पितळी दांडी आणि दांडीवर दोन ठोकळे. मोठा ठोकळा दहा-दहा किलोंनी सरकतो, छोटा शंभर-शंभर ग्रॅमनी. दांडी मधोमध तरंगली, ना वर ना खाली, की आकडा वाचायचा. एवढं सोपं आहे. तरी लोक चुकतात.

माझा जन्म ओतकामाच्या कारखान्यात झाला. भट्टीचा ताप सोसला, कानशीने अंग घासून घेतलं, रंगाचे तीन हात बसले. शेवटी एका म्हाताऱ्या तपासनिसाने माझ्यावर मापाची वजनं ठेवून मला चोवीस वेळा तपासलं. चोविसाव्या वेळी त्याने दांडीवर बोटाने टिचकी मारली आणि म्हणाला, "खरं बोलत जा रे बाबा. खोटं बोललास तर परत भट्टीत." तेच माझं व्रत झालं. आकडा मोठा नको, लहान नको, आहे तेवढा. रोज सकाळी कुणी यायच्या आधी ठोकळे मागे सरकवून मला शून्यावर आणतात. कालचं सगळं ओझं उतरवून शून्यावर यायचं आणि मग आजच्या माणसाला सामोरं जायचं. माझी पूजा म्हणा, नेम म्हणा, तो एवढाच.

मला आणलं ते एका मोठ्या इस्पितळाच्या मागच्या बाजूच्या दवाखान्यात. दारावर नाव नव्हतं, फक्त खोलीचा नंबर होता, कारण इथे यायला लोक लाजत. हा एचआयव्हीच्या रुग्णांचा दवाखाना होता. एचआयव्ही हा एक विषाणू आहे, मित्रांनो. शरीरात जे राखणदार रोगांशी लढतात, त्यांनाच तो एकेक करून संपवतो. राखणदार फार कमी झाले की दार सताड उघडं पडतं आणि वाटेल तो रोग आत शिरतो. त्या अवस्थेला एड्स म्हणतात. सुरुवातीच्या वर्षांत त्यावर धड औषध नव्हतं.

मी माणसांना चेहऱ्याने ओळखत नाही, पायांनी ओळखतो. त्या वर्षांतले पाय मला अजून आठवतात. काटकुळे, हलके, फळीवर ठेवले तरी ठेवल्यासारखे न वाटणारे. दर खेपेला छोटा ठोकळा आणखी मागे. आणि कित्येक तळव्यांवर, घोट्यांवर जांभळे-काळसर डाग. आधी मला वाटलं, शाई सांडली असेल. मग कळलं की तो एक कर्करोग होता, रक्तवाहिन्यांचा. धडधाकट माणसाला तो क्वचितच गाठतो. पण राखणदार नसलेल्या शरीरात तो उघड्या दाराने येऊन बसायचा. काहींच्या मानेत, काखेत गाठी यायच्या. तोही एक कर्करोगच. डाग दिसला की दोन-चार खेपांनी ते पाय यायचे थांबत.

आणि लोक कसे वागत, ते ऐका. रुग्णासोबत आलेले नातेवाईक माझ्याजवळ यायला घाबरत. एका सद्गृहस्थाने तर स्वतःचं वजन करायचं म्हणून माझ्यावर आधी तीन वर्तमानपत्रं पसरली! अरे, फळीवर उभं राहून कुणाला एचआयव्ही होतो का? हात मिळवून होतो का, एका पेल्यातून पाणी पिऊन होतो का? नाही होत. पण मला तोंड नाही आणि त्यांना कान नव्हते.

मग एका वर्षी चांगल्या गोळ्या आल्या. रोज, न चुकता, जन्मभर घ्यायच्या. त्यांनी विषाणू पुरता मरत नाही. पण तो इतका दबून बसतो की रक्तात शोधला तरी सापडत नाही, आणि राखणदार पुन्हा उभे राहतात. मित्रांनो, ते दिवस माझ्या आयुष्यातले सोन्याचे. छोटा ठोकळा पुढे, मग मोठा ठोकळा पुढे! पंचेचाळीस, अठ्ठेचाळीस, बावन्न. मोठ्या सिस्टर आकडा ओरडून सांगत आणि रांगेतले लोक खुशाल टाळ्या वाजवत. डाग विरत गेले. वर्षभरात जांभळे पाय मला फार तर एखादे दिसू लागले.

त्याच दिवसांत काटेवाले पहिल्यांदा माझ्यावर उभे राहिले.

त्यांना सगळे काटेवालेच म्हणत, कारण दुकानादुकानांतले वजनकाटे दुरुस्त करणं हाच त्यांचा धंदा. धान्याचे काटे, भंगाराचे काटे, सोनारांचे नाजूक काटे. लोखंडी मापांची पेटी पट्ट्याने उजव्या खांद्याला लटकवून गावभर हिंडायचे. त्यांना हा विषाणू कुठून लागला, मला माहीत नाही आणि काट्याला तो प्रश्न पडत नाही. जो उभा राहील त्याचं वजन सांगायचं. माणसाचं पापपुण्य तोलणारा काटा वेगळा, आणि तो देवाने माणसाच्या हातात दिलेला नाही, हे किती बरं आहे!

पहिल्या दिवशी ते होते चव्वेचाळीस किलो. धड उभं राहवत नव्हतं, पण माझ्या दांडीवरून बोट फिरवून म्हणाले, "चांगल्या घरचा आहे हा. दांडी बघा कशी सरळ आहे."

त्यांची बायको शेजारी उभी होती. ती म्हणाली, "काट्याचं कौतुक पुरे. तुमची दांडी कधी सरळ होणार ते बघा आधी."

ती झाली. गोळी घ्यायची ती रात्री आठ म्हणजे आठ. दोन वर्षांत काटेवाले अडुसष्ट किलोंवर गेले आणि तिथेच टिकले.

आता त्या चिठ्ठीकडे येतो.

जवळजवळ नऊ वर्षांपूर्वी दवाखाना नव्या इमारतीत हलला. मला उचलणाऱ्या दोघांनी गप्पांच्या नादात मला पायरीवर आपटलं. दांडीच्या टोकाचा स्क्रू सरकला आणि मी दोन किलो कमी दाखवायला लागलो. माझी लाज गेली म्हणा ना. तेव्हाच्या मोठ्या साहेबांनी दुरुस्तीला माणूस बोलावण्याऐवजी काय केलं? एक चिठ्ठी टाईप करून घेतली: 'काटा दोन किलो कमी दाखवतो. दोन मिळवून लिहावे.' खाली सही, शिक्का. तिला प्लास्टिकमध्ये घालून माझ्या डोक्याशी चिकटवली.

तीन आठवड्यांनी काटेवाले गोळ्या न्यायला आले. चिठ्ठी वाचून त्यांचं डोकंच फिरलं. दुसऱ्या दिवशी पेटी घेऊन आले, अर्ध्या तासात स्क्रू बसवला, मापं ठेवून तपासलं आणि मोठ्या सिस्टरना म्हणाले, "झाला बरोबर. ती चिठ्ठी काढून टाका."

मोठ्या सिस्टर म्हणाल्या, "मी कशी काढू? साहेबांची सही आहे. ते रजेवरून आले की काढतील."

साहेब रजेवरून आले ते बदलीचा हुकूम घेऊनच. चिठ्ठी तिथेच राहिली. प्लास्टिकमध्ये होती, त्यामुळे फाटायचीही सोय नव्हती! काटेवाल्यांनी तरी काढायची की नाही? पण ते म्हणाले, "सरकारी कागद आहे, आपण कोण?" सगळे म्हणजे अगदी सज्जन. कागद काढण्याइतका दुर्जन एकही निघाला नाही.

मग झालं काय, ज्यांना ठाऊक होतं की मी दुरुस्त झालोय, त्या मोठ्या सिस्टर माझा आकडा जसाच्या तसा लिहीत. आणि नव्याने नेमलेल्या धाकट्या सिस्टर चिठ्ठी वाचून इमानेइतबारे दोन मिळवत. रुग्णाच्या एकाच कार्डावर एका महिन्याचा आकडा खरा, पुढच्या महिन्याचा दोनने फुगलेला. कुणी विचारलं की ठरलेलं उत्तर: "काट्याचं काय खरं!" असं कुणी माझ्या तोंडावर म्हटलं की माझी दांडी थरथरायची. आणि तिच्या थरथरण्याकडे बोट दाखवून लोक म्हणत, "बघा, हलतोय."

चिठ्ठीच्या शेजारीच आमच्या डॉक्टरीणबाईंनी एक तक्ता लावला होता. या बाई अगदी तरुण असल्यापासून इथे आहेत. जांभळे डाग त्यांनीही माझ्याइतकेच पाहिलेत. आपल्या रुग्णांपैकी कुणाला कुठला कर्करोग झाला याचे त्या दरवर्षी रंगीत खडूने पट्टे काढतात. डागांचा जांभळा पट्टा एका काळी कागदाबाहेर जाईल इतका उंच होता, तो आता नखाएवढा उरलाय. गाठींचा पट्टा बुटका झालाय, पण गेलेला नाही. आणि दुसरेच पट्टे वर चढताहेत: यकृताचा, फुप्फुसाचा, शौचाच्या जागेचा, ज्याचं नाव घ्यायला लोक लाजतात. बायकांच्या गर्भपिशवीच्या तोंडाचा पट्टा तर खाली यायचं नावच घेत नाही, कारण तपासणीचं नाव काढलं की प्रत्येकीला घरी दूध उतू जाताना दिसतं.

बाई सांगून सांगून थकल्या. "अहो, आधी माणसं लवकर जायची, म्हणून हे रोग त्यांना गाठायच्या आतच सगळं संपायचं. आता तुम्ही साठीपर्यंत जगताय, सत्तरीपर्यंत जगाल. पण राखणदार एकदा मार खाल्लेले आहेत. गोळी चालू असली तरी हे काही कर्करोग तुमच्यात इतरांपेक्षा जास्त होतात. वेळेवर सापडले तर इलाज आहे. तपासून घ्या ना!"

तक्ता रंगीत होता, चिठ्ठी काळी-पांढरी. लोक चिठ्ठी वाचायचे.

त्यात आणखी एक सोय निघाली. ज्यांच्या रक्तात विषाणू सापडत नाही, गोळी चुकत नाही, अशा गुणी रुग्णांना हिरवं कार्ड मिळू लागलं. त्यांनी दर तीन महिन्यांनी यायचं, वजन करायचं आणि सरळ खिडकीवर जाऊन गोळ्या घ्यायच्या. डॉक्टरांकडे बसायचीच गरज नाही. रांग कमी झाली, सगळ्यांना बरं वाटलं. पण मित्रांनो, विचार करा. जो गोळ्या चुकवतो त्याला डॉक्टर बोलावून रागावणार, तपासणार. जो कधीच चुकला नाही, त्याला कुणी हातही लावणार नाही! हुशार मुलाची वही गुरुजींनी कधी उघडूच नये, तसलं हे.

काटेवाल्यांचं कार्ड अर्थातच हिरवं.

मागच्या वर्षी एका खेपेला ते माझ्यावर उभे राहिले आणि माझी दांडी सहासष्टवर थांबली. धाकट्या सिस्टरनी वर पाहिलं, दोन मिळवले, अडुसष्ट लिहिलं. "छान, जैसे थे." पुढच्या खेपेला नवं कार्ड सुरू झालं. मी म्हटलं चौसष्ट. त्यांनी लिहिलं सहासष्ट. त्याच्या पुढच्या खेपेला मोठ्या सिस्टर होत्या. मी म्हटलं एकसष्ट. त्यांनी एकसष्टच लिहिलं, मागचा सहासष्ट पाहून क्षणभर थबकल्या आणि मग म्हणाल्या, "धाकटीने दोन मिळवलेले दिसतात. म्हणजे तीनच कमी. उन्हाचं होतं एवढं."

तीन नाही हो, सात! जुनं कार्ड उघडा! मी ओरडत होतो. पण काट्याचं ओरडणं म्हणजे दांडीची जरा कुरकुर. मोठ्या सिस्टर म्हणाल्या, "याला तेल घालायला हवं."

काटेवाले हसले. "माझा स्क्रूच ढिला झाला असेल. पुढच्या खेपेला मापं घेऊन येतो, तपासून टाकू."

दाराशी त्यांची बायको उभी होती. ती हल्ली सोबत येत नसे, त्या दिवशी मुद्दाम आली होती. "पुढच्या खेपेला म्हणजे तीन महिन्यांनी?"

"काय घाई आहे?"

"घाई? चार पँटी उसवून आत घेतल्या मी. पट्ट्याला भोकं पाडून पाडून पट्टा संपत आला. संध्याकाळी अंग तापतं, रात्री उशी पिळून काढावी इतका घाम. आणि हे म्हणतात, पंखा नीट फिरत नाही!"

"अगं, रिपोर्ट बघ ना. विषाणू सापडत नाही रक्तात. सोळा वर्षांत एक गोळी चुकवली नाही मी. मला काय होणार?"

"पण पँटमध्ये तुम्हीही सापडत नाही ना! डॉक्टरांकडे बसा म्हटलं तर हिरवं कार्ड दाखवता. शाळेत पहिला नंबर आल्यासारखं मिरवता ते."

"काट्यात खोट आहे गं."

ती माझ्याकडे वळली. रागावलेली होती, पण मला वाटतं, त्या खोलीत मला नीट पाहणारी ती पहिलीच. मग नवऱ्याला म्हणाली, "बरं. काट्यात खोट आहे ना? तर येत्या मंगळवारी मापं आणा आणि सिद्ध करा. तीन महिने नाही, मंगळवारी." आणि मोठ्या सिस्टरना हळूच म्हणाली, "माणसाने सांगून यांना जन्मात पटलेलं नाही. लोखंडाने सांगितलं तर पटेल."

मंगळवारी ते आले. वीस-वीस किलोंची तीन मापं पायरीवरून आत आणायची होती. पूर्वी काटेवाले एका हातात एक, दुसऱ्या हातात दुसरं असं शीळ घालत आणायचे. या वेळी पहिलं आणलं आणि बाकावर बसले. दुसऱ्याला धाकट्या सिस्टर धावल्या. तिसरं बायकोने आणलं, पदर खोचून.

त्यांनी मला शून्यावर घेतलं. पहिलं माप ठेवलं. मी म्हटलं, वीस. दुसरं ठेवलं. चाळीस. तिसरं ठेवलं. साठ. त्यांनी भुवया आकसल्या, मापं उतरवली, जागा बदलून पुन्हा ठेवली. साठ. पेटीतून एक किलोचं काढलं; एकसष्ट. अर्ध्याचं काढलं, साडेएकसष्ट. शंभर ग्रॅमचं माप ठेवलं तर छोट्या ठोकळ्याने तेवढंच सांगितलं, केसभर इकडे नाही की तिकडे नाही. मित्रांनो, इतक्या वर्षांनी कुणीतरी मला माझंच म्हणणं बोलू दिलं. मला आनंद व्हायला हवा होता.

"काय म्हणतोय तुमचा काटा?" बायकोने विचारलं.

"ठीक दिसतोय." ते खालच्या आवाजात म्हणाले. "तू जरा उभी राहतेस का? माणसाचं बघू."

"माझं वजन चारचौघांत नको. तुम्हीच उभे राहा."

त्यांनी चपला काढल्या. खिशातून पकड काढली, किल्ल्या काढल्या, कमरेचा पट्टाही काढून ठेवला. कारागीर माणूस, मापात कसर नको. ते पाय माझ्या फळीवर आले. सोळा वर्षांपूर्वीचे पाय मला आठवले. अगदी तसे नव्हते. पण त्या रस्त्याला लागलेले होते. ठोकळे सरकले. दांडी तरंगली.

"एकोणसाठ," धाकट्या सिस्टरनी वाचलं. डोळे आपोआप वर गेले. "म्हणजे एकसष्ट."

"नाही!" काटेवाले इतक्या जोरात ओरडले की खिडकीवरची रांग वळून पाहू लागली. "एकोणसाठ म्हणजे एकोणसाठ. तो बरोबर आहे. आत्ता तपासलाय मी, तुमच्यासमोर. एकोणसाठ लिहा."

लिहिलं. ते फळीवरून उतरेनात. दांडीकडे बघत राहिले आणि मग म्हणाले, "अडुसष्ट होतो मी."

मोठ्या सिस्टरनी कपाट उघडलं. जुनं कार्ड काढलं, त्याच्या आधीचं काढलं. धाकटीच्या अक्षरातले आकडे पाहून त्यातून दोन-दोन वजा करत गेल्या. अडुसष्ट, सहासष्ट, चौसष्ट, एकसष्ट, एकोणसाठ. पंचवीस वर्षं नोकरी झालेली बाई. ती भिंतीकडे तोंड करून उभी राहिली.

धाकट्या सिस्टरच्या डोळ्यांत पाणी आलं. "मी तर लिहिलंय तसंच केलं हो."

"तूच नाहीस गं," काटेवाल्यांची बायको म्हणाली. "सगळ्यांनी लिहिलंय तसंच केलं."

डॉक्टरीणबाई आल्या. त्यांनी तिथेच, बाकावर बसवून, त्यांची मान चाचपली, काख चाचपली. उजव्या काखेत बोटं थांबली.

"ही गाठ कधीपासूनची?"

"ती होय? ती जुनी आहे. पेटीचा पट्टा काचतो तिथे. दुखत नाही, काही नाही."

"पट्टा खांद्यावर असतो, काखेत नाही," बाई म्हणाल्या. "आणि न दुखणारी गाठ आधी दाखवायची असते. दुखणारी तर कुणीही दाखवतो."

"पण रिपोर्ट..."

"तो रिपोर्ट विषाणूचा आहे, काटेवाले. तुमचा नाही. धान्याच्या काट्यावर माणसाची उंची मोजाल का तुम्ही?"

त्यांना ते पटलं. काट्याच्या भाषेत सांगितलं की त्यांना पटतं.

आधी बाईंना क्षयाची शंका होती, कारण ताप, घाम आणि वजन त्यातही असंच जातं. पण गाठीचा तुकडा काढून तपासला तेव्हा गाठींचा कर्करोग निघाला. तोच, तक्त्यावर बुटका होऊनही न गेलेला पट्टा. सलाईनमधून औषधं द्यायची होती, दर तीन आठवड्यांनी, सहा वेळा, आणि सोबत आठची गोळी चालूच. बाईंनी लपवलं नाही. म्हणाल्या, "सहा महिने आधी आला असता तर सोपं गेलं असतं. अजूनही उशीर झालेला नाही. पण मी वचन देणार नाही, औषध देणार."

त्यानंतर ते दर तीन आठवड्यांनी माझ्यावर उभे राहत. केस गेले. तळवे कोरडे पडले, सोलले. सत्तावन्न. छप्पन्न. एकदा चोपन्न. ते आकडे सांगताना मला व्रत मोडावंसं वाटलं, मित्रांनो. वाटलं, एकदाच, त्यांच्यापुरता, दोन किलो जास्त सांगावं. चेहऱ्यावर जरा हसू येईल. पण तीच तर चूक आठ वर्षं झाली होती ना? एवढासा आकडा फुगलेला, आणि त्याच्या पोटात माणूस बुडत चाललेला. मी चोपन्नच सांगितलं. बाईंनी त्या आकड्यावरून औषधाचं माप बदललं.

पाचव्या खेपेला चोपन्नच राहिले. सहाव्याला पंचावन्न. काल ते आले तेव्हा औषध संपून तीन महिने झाले होते. गाठ हाताला लागत नव्हती. बाई म्हणाल्या, अजून दोन वर्षं पाहत राहायचं, मगच हुश्श म्हणायचं. मी म्हटलं, अठ्ठावन्न.

"अठ्ठावन्न," धाकट्या सिस्टरनी वाचलं.

"दोन मिळवा की," काटेवाले डोळे मिचकावत म्हणाले.

"मिळवते हं," बायको म्हणाली, "घरी चला, पानात मिळवते."

चिठ्ठी कुणी काढली, ते सांगायचं राहिलं. त्या मंगळवारीच निघाली. डॉक्टरीणबाईंनी नाही, मोठ्या सिस्टरनीही नाही. बाई काटेवाल्यांना बाकावर तपासत होत्या तेव्हा त्यांची बायको खुर्चीवर चढली आणि तिने ती चर्रकन ओढून काढली, सहीसकट, शिक्क्यासकट. कुणी तिला एका शब्दाने विचारलं नाही. आठ वर्षांचं काम. एवढुसा आवाज झाला.

भिंतीवर गोंदाचे चार पिवळे डाग राहिलेत. धाकट्या सिस्टरची नजर अजूनही आकडा वाचल्यावर सवयीने तिकडे जाते. तिथे आता काही नसतं. मग त्या खाली पाहतात, कार्डाचं मागचं पान उलटतात, त्याच्या मागचंही उलटतात, आणि तिन्ही आकड्यांवर बोट ठेवून समोरच्या माणसाला विचारतात, "पँट सैल होतेय का?" हिरव्या कार्डवाल्यांनासुद्धा. त्यांना तर आधी.

मुलांनो, मित्रांनो, मला पुसा, तेल घाला, पायरीवर आपटू नका, हे मी सांगणार होतो. पण ते राहू द्या. तुमच्या घरी कुणी रोजची गोळी न चुकता घेत असेल, कसलीही, आणि सगळे म्हणत असतील की त्यांचं अगदी छान चाललंय, तर त्यांचा हात एकदा हातात घेऊन बघा. पट्ट्याचं शेवटचं भोक कितवं ते मोजा. आणि भिंतीवरचं एखादं वाक्य खोटं आहे असं दिसलं, तर सही कुणाची आहे ते बघत बसू नका. खुर्ची घ्या.

उद्या सकाळी मला पुन्हा शून्यावर आणतील. मी तयार आहे.